फिल्टर बदलला, दोन महिने बरं, पुन्हा चढावर झटके: फ्युएल फिल्टर नक्की कधी बदलायचा?

माझी गाडी २०१३ सालची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. आम्ही कासारवडवलीला राहतो, आई-बाबा पनवेलला. त्यामुळे दर शनिवारची फेरी ठरलेली: घोडबंदर रोडने माजिवडा, तिथून खारेगाव, मग मुंब्रा बायपास, शिळफाटा, तळोजा. २०२५च्या जानेवारीत बायपासच्या चढावर गाडीने पहिल्यांदा दगा दिला. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तर मागून कोणी धरून ठेवल्यासारखी झाली. दोन-तीन झटके आणि पिकअप गायब. बाजूला कंटेनर, मागे कंटेनर, मागच्या सीटवर मुलगी. पाय थोडा सैल केला की गाडी चालायची, दाबला की पुन्हा झटके. हॅझर्ड लावून दुसऱ्या गिअरमध्ये कशीबशी वर आणली. शिळफाट्याकडे उतार लागला आणि गाडी पुन्हा नेहमीसारखी चालू लागली.

सोमवारी घराजवळच्या गॅरेजमध्ये दाखवली. गाडी न चालवताच निदान झालं: "ताई, फिल्टर चोक झालाय." फिल्टर बदलला आणि गाडी खरंच सुधारली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्याच चढावर तेच झटके. या वेळी उत्तर आलं, "पेट्रोलच असं येतंय आता, ई-२०. टाकीतला सगळा कचरा सुटतो." (ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) पुन्हा फिल्टर, सोबत चारही प्लग आणि इंजेक्टरची सफाई. गाडी पुन्हा सुधारली. जुलैत भर पावसात, रेतीबंदरकडून वर चढताना, तिसऱ्यांदा तेच.

ज्यांच्या गाडीचं असं दर दोन-तीन महिन्यांनी होतंय त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय. फिल्टर बदलून गाडी सुधारली म्हणजे दोष फिल्टरमध्येच होता, असं मी सहा महिने धरून चालले होते. ते चुकीचं निघालं, आणि का चुकीचं निघालं हे कळायला मला बराच वेळ आणि पैसा लागला.

आधी फिल्टर असतो कुठे ते बघू, कारण "बदलायचा की नाही" याचं निम्मं उत्तर त्यातच आहे. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये बॉनेट उघडलं की पारदर्शक प्लास्टिकची छोटी कुपी दिसायची. आतला कागद काळा पडलेला डोळ्यांनी दिसायचा, दोन क्लिपा सोडल्या की पाच मिनिटांत काम व्हायचं. इंजेक्शनच्या गाड्या आल्या तेव्हा पंप टाकीच्या आत गेला आणि फिल्टर बऱ्याच गाड्यांमध्ये खालच्या बाजूला, टाकीजवळच्या पाइपात, धातूच्या डब्यासारखा बसू लागला. त्यानंतरच्या पुष्कळ पेट्रोल गाड्यांमध्ये तोही टाकीत गेला: पंप, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर आणि पेट्रोलची पातळी सांगणारा तरंगता गोळा, सगळं एका हाउसिंगमध्ये. मागची सीट उचलली की गोल झाकण दिसतं, त्याच्याखाली हे प्रकरण असतं. पंपाच्या तळाशी एक बारीक जाळी असते, ती मोठा कचरा अडवते. पुढचा कागदी फिल्टर बारीक कण अडवतो.

धातूच्या डब्यासारखा फिल्टर बाहेर असेल तर तो ठरावीक किलोमीटरला बदलायचा सुटा भाग आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा दिलेला असतो, तो पाळा, प्रश्न मिटला. फिल्टर टाकीच्या आत असेल तर मॅन्युअलच्या सर्व्हिसच्या तक्त्यात बहुतेक वेळा त्याचं नावच सापडत नाही. कंपनीने तो हाउसिंगच्या आयुष्याइतका टिकेल असं धरलेलं असतं. म्हणून "साठ हजार झाले, आता बदलाच" असं कोणी म्हणालं तर पहिल्यांदा विचारायचं, आपल्या गाडीत तो आहे कुठे?

माझा टाकीच्या आतला. आणि तो अडीच महिन्यांत दोनदा "चोक" झाला. तिसऱ्या वेळी चढावरून उतरताना माझ्या डोक्यात हाच हिशेब चालू होता. ज्या फिल्टरने कित्येक वर्षं टिकायचं तो दहा आठवड्यांत भरत असेल, तर टाकीच्या तळाला मूठभर कचरा सापडायला हवा. तो कुणी पाहिला होता का? दोन्ही वेळा जुना फिल्टर मी मागितलाच नव्हता.

तेव्हापासून माझा पहिला नियम: काढलेला भाग घरी आणायचा. फिल्टर खरंच भरला होता का हे बघायची जुनी रीत सोपी आहे. ज्या तोंडातून पेट्रोल आत शिरतं, त्याच तोंडाने फिल्टर पांढऱ्या वाडग्यात उलटा करायचा. भरलेला असेल तर काळपट, गढूळ पाणी, गंजाचे कण, काळी पूड पडते. वाडगं दिव्यापासून आणि स्वयंपाकघरापासून लांब ठेवा.

आता लक्षणं. फिल्टर भरला की इंजिनाला पेट्रोल मिळतं, पण पुरेसं मिळत नाही. म्हणून गाडी सुरू होते, आयडलला शांत असते, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत बिनतक्रार जाते. भूक वाढली की, म्हणजे चढ, ओव्हरटेक, चार माणसं आणि एसी, तेव्हा ती अडते. माझी तक्रार या वर्णनात चपखल बसत होती. पण हे वर्णन फिल्टरचं नाही, कमी प्रेशरचं आहे. कमी प्रेशरची मुख्य कारणं तीन: फिल्टर किंवा जाळी, दमलेला पंप, आणि पंपाला पुरेशी वीज न मिळणं. यातलं तिसरं गॅरेजमध्ये कोणी तपासतच नाही, कारण त्यात विकायला काही नसतं. हे मी रागाने म्हणत नाही. भाग बदलणं सोपं आहे, वायर तपासत बसायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे द्यायची आपली तयारी नसते.

चढावर अडणाऱ्या गाडीत आणखी एक संशयित असतो, इग्निशन, म्हणजे ठिणगीची बाजू. प्लग किंवा कॉइल कमजोर असेल तर तीही ओझ्याखालीच मिसिंग करते, म्हणजे ठिणगी अधूनमधून चुकते. ओळखायची ढोबळ खूण अशी: कॉइलचं मिसिंग तुटक असतं, ठक-ठक असे धक्के, आणि बऱ्याचदा इंजिनाचा दिवा लुकलुकतो. पेट्रोल कमी पडतं तेव्हा गाडी ओढ सोडते, जड होते, मग झटके येतात.

गाडीला सीएनजी असेल तर तुमच्या हातात फुकटची उत्तम चाचणी आहे, आणि ठाणे-नवी मुंबईत निम्म्याहून जास्त ओळखीच्यांकडे ती सोय असते. त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, एकदा पेट्रोलवर आणि एकदा गॅसवर चालवा. पेट्रोलवर अडते आणि गॅसवर सरळ चढते, तर दोष पेट्रोलच्या बाजूला: टाकी, पंप, फिल्टर, इंजेक्टर. दोन्हीवर अडते, आणि गॅसवर जास्तच, तर आधी प्लग-कॉइलकडे जा. गॅस पेटवायला ठिणगी जास्त जोरकस लागते, त्यामुळे कमजोर कॉइल गॅसवर आधी उघडी पडते. सीएनजीवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा. महिनोन्‌महिने टाकीत दोन लिटर पेट्रोल पडून राहिलं तर ते शिळं होतं, आणि पंपाला थंड ठेवायलाही ते पुरत नाही. पंप पेट्रोलमध्ये बुडालेला असला की थंड राहतो. गाडी गॅसवर असली तरी टाकी पाव भागापेक्षा खाली जाऊ देऊ नका, आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

माझ्याकडे सीएनजी नाही. मी ओबीडीच्या खाचेत (गाडीच्या संगणकाला यंत्र जोडायची जागा) लावायचं छोटं ब्लूटूथ यंत्र घेतलं आणि फोनवर फ्युएल ट्रिमचा आकडा बघायला शिकले. ठरलेल्या हिशेबापेक्षा गाडीचा संगणक किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. पाच-सहा टक्के इकडे-तिकडे असणं नेहमीचं. आयडलला आकडा ठीक आणि रेस वाढवत, ओझं वाढवत नेलं की तोही चढत जातो, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतोय. उलट आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर उतरतो, तर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय, फिल्टरचा संबंध नाही. माझा आयडलला अधिक सात होता, खारेगावनंतर अधिक अकरा, बायपासच्या चढावर अधिक बावीस. तिथे इंजिनाचा दिवा लागला आणि कोड पी-०१७१ नोंदला गेला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी.

इथे ई-२०बद्दल दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण हल्ली प्रत्येक दुखण्याचं खापर त्यावर फुटतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि ते जळायला हवाही कमी लागते. म्हणजे तितक्याच हवेसाठी इंजिनाला इंधन जास्त सोडावं लागतं. देशभर दहा टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठलं गेलं, फेब्रुवारी २०२३ पासून निवडक पंपांवर ई-२० मिळू लागलं, आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडेच आलं. दहावरून वीस टक्क्यांवर गेल्यावर जुन्या गाडीचा ट्रिम मुळातच चार-पाच टक्क्यांनी वर सरकतो. माझा आयडलचा अधिक सात त्यातलाच. तो पाहून कोणी फिल्टर बदलायला सांगितला तर ऐकू नका. बघायचा तो आयडल आणि चढ यांमधला फरक.

दुसरं असं की इथेनॉल ओलावा शोषतं. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण प्रमाणाबाहेर पाणी गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन वेगळा थर तळाला बसतो, नेमका जिथून पंप ओढतो तिथे. शिवाय इथेनॉल चांगलं द्रावक आहे, जुन्या टाकीत चिकटलेला चिकटा ते सोडवतं. म्हणजे गॅरेजवाल्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. जुनी गाडी नव्या मिश्रणावर गेली की सुरुवातीला एकदा फिल्टर भरू शकतो. एकदा. दर दहा आठवड्यांनी तोच तो भरायला टाकीत रोज नवीन घाण यायला हवी.

तिसऱ्या वेळी मी वागळे इस्टेटमधल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेले. शेजारच्या वहिनींनी पाठवलं होतं. काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "गायमुखला काय करते?" गायमुखचा घाट आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी म्हटलं, तिथे कधीच त्रास नाही, परवाच वरून जाऊन आले. "आणि मुंब्र्याला पोचेपर्यंत गाडी किती वेळ चाललेली असते?" शनिवारच्या गर्दीत पाऊण तास, कधी तासभर. "मग चढ नाही बघायचा. गरम झाल्यावर काय होतं ते बघायचं," ते म्हणाले.

मला तेव्हा लख्ख कळलं. गायमुखचा चढही चढच. फिल्टर भरलेला असता तर थंड गाडी तिथेही अडली असती. कागदाच्या फिल्टरला गाडी थंड आहे की गरम, याने फारसा फरक पडत नाही. मी सहा महिने "चढावर अडते" एवढंच सांगत होते, "तासभर चालल्यावर चढावर अडते" असं कधी म्हटलंच नव्हतं. गॅरेजमध्ये तक्रार सांगताना वेळ, अंतर, टाकीतली पातळी, ऊन-पाऊस, हे सगळं सांगा. आपल्याला फुटकळ वाटणारं त्यातलं एखादं वाक्य हजारो रुपये वाचवतं.

काकांनी इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या पाइपात टी (तीन तोंडांचा जोड) बसवून प्रेशर गेज लावला, त्याचा पाइप बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून गेज समोरच्या काचेवर चिकटपट्टीने बसवला, आणि आम्ही गाडी घेऊन निघालो. उभ्या गाडीत काटा तीन बारवर, माझ्या गाडीला तेवढाच हवा. वागळे इस्टेटहून तीन हात नाका, माजिवडा, खारेगाव, काटा हलला नाही. बायपासच्या चढावर पाय दाबला आणि तो सव्वादोनवर उतरला. झटके सुरू झाले ते तिथेच. प्रेशर पडतंय, हे आता अंदाजाने नाही, डोळ्यांनी दिसत होतं. एक सावधगिरी: हा गेज फक्त साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरच्या बाहेर, हवेच्या वाटेत फवारणाऱ्या) पेट्रोल गाडीला लावायचा. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात किंवा डिझेलच्या हाय प्रेशर पाइपाला हात लावायचा नाही. हल्लीच्या कॉमन रेल डिझेलमध्ये हजार-सोळाशे बार, काहींत त्याहूनही जास्त दाब असतो. बारीक गळतीचा फवाराही कातडीत घुसतो.

परत आल्यावर गाडी गरम असतानाच मागची सीट उचलली. बॅटरीवर व्होल्टेज १३.९. पंपाच्या कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगमध्ये) मागून बारीक पिना घालून मोजलं तर ११.५. वाटेत जवळजवळ अडीच व्होल्ट गेले कुठे? तेही शोधायची पद्धत सोपी आहे. पंप चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं पंपाच्या निगेटिव्ह पिनला लावायचं. शून्याच्या आसपास यायला हवं, माझ्याकडे १.९ आलं. पॉझिटिव्ह बाजूला तसंच मोजल्यावर अर्धा व्होल्ट. दोष अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्हच्या बाजूला, आणि पंपाच्या अगदी जवळ. कपलर सोडवून बघितला तर चारपैकी एका खाचेचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं, पिनच्या मागे जिथे वायर दाबून बसवलेली असते तो सांधा काळा.

पंप साधारण पाच अँपिअर ओढतो. त्या सांध्यात अर्धा ओहमभर अडथळा आला, तरी अडीच व्होल्ट तिथेच जातात आणि बारा वॉटची उष्णता तिथेच तयार होते. नखाएवढ्या सांध्यात बारा वॉट म्हणजे बरंच झालं. सांधा तापतो, तापला की अडथळा वाढतो, पंप हळू फिरतो. सपाट रस्त्यावर तेवढं पेट्रोल पुरतं. चढावर पुरत नाही. आणि ई-२०मुळे इंधन थोडं जास्त लागत असल्याने तो काठावरचा पुरवठा आणखी लवकर कमी पडायला लागला.

मग दोन्ही वेळा फिल्टर बदलल्यावर गाडी सुधारली कशी? याचं उत्तर मिळालं तेव्हा मला फार बरं वाटलं. फिल्टर बदलायचा तर हाउसिंग बाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी आधी तो कपलर ओढून काढावा लागतो. ओढताना वायर हलते, काळा पडलेला सांधा घासला जातो, धातूला धातू पुन्हा नीट लागतो. दहा आठवडे गाडी छान. मग हळूहळू पुन्हा काळवंडणं, पुन्हा तापणं. दुरुस्त होत होता तो सांधा, आणि बिल येत होतं फिल्टरचं. कोणी फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांनाही गाडी सुधारलेलीच दिसली. पण एखादी दुरुस्ती थोडे दिवस टिकून पुन्हा तेच होत असेल, तर त्या दुरुस्तीच्या निमित्ताने आणखी कशाकशाला हात लागला होता, हे जरूर विचारा. बॅटरीचे टर्मिनल सोडले होते का, कुठला कपलर काढला होता, कुठली वायर बाजूला केली होती.

काकांनी नवीन कपलर योग्य जाडीच्या वायरींसह बसवला, सांधे दाबून वर आकसणारी नळी चढवली. वस्तूचे साडेतीनशे, मजुरी आठशे. एप्रिलमध्ये बसवलेला फिल्टर मी हट्टाने काढायला लावला आणि वाडग्यात उलटा केला. पेट्रोल स्वच्छ पडलं, तळाला चार-दोन कण. तोच फिल्टर परत बसवला. चालू इंजिनावर पंपापाशी आता १३.४ व्होल्ट मिळत होते, आणि बायपासच्या चढावर काटा २.९वर स्थिर. त्यानंतर दहा हजार किलोमीटर झाले, एक पावसाळा गेला, झटका नाही.

तर टाकीतला फिल्टर बदलायचा कधी? माझं मत असं. गरम गाडीत, ओझ्याखाली प्रेशर पडतंय हे गेजवर दिसलं, आणि त्याच वेळी पंपापाशी व्होल्टेज बॅटरीपेक्षा अर्धा-पाऊण व्होल्टच कमी आहे, तर फिल्टर-जाळी-पंप यांपैकी काहीतरी आहे, उघडा. उभ्या गाडीत प्रेशर पूर्ण येतं पण पाइप सोडून बाटलीत पेट्रोल घेतलं तर धार बारीक पडते, तेव्हा संशय फिल्टरवर जास्त. मागच्या सीटखालून रडल्यासारखा बारीक चिरका आवाज येत असेल, तर पंपाला ओढायला पेट्रोल मिळत नाही, जाळी बघा. पंप बदलायची वेळ आलीच तर फिल्टर आणि जाळी सोबतच नवीन टाका. तेवढ्यासाठी पुन्हा टाकी उघडण्यात अर्थ नाही. गाडी वर्षभर उभी होती, किंवा पाण्यात बुडाली होती, किंवा पेट्रोल पंपावरून पाणीमिश्रित पेट्रोल पडलं, तर मोजमापाची वाट न बघता टाकी रिकामी करा, धुवा आणि फिल्टर बदला. एरवी नुसत्या किलोमीटरवरून टाकीतला फिल्टर बदलणं मला पटत नाही.

पेट्रोलबद्दल शंका असेल तर पेट्रोल पंपावर विचारायचा हक्क तुम्हाला आहे: फिल्टर पेपर चाचणी, घनता मोजून दाखवणं, पाच लिटरच्या मापाने मोजून देणं. पेट्रोलची घनता १५ अंशांना घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असावी लागते आणि त्या दिवशीचा आकडा पंपावर लिहिलेला असतो. पावसाळ्यात, रस्त्यावर पाणी भरून ओसरल्यावर, सखल भागातल्या पंपावर लगेच टाकी भरायची नाही एवढं मी पाळते. टँकर रिकामा होत असताना दिसला तरी पुढे जाते.

फिल्टरवर हमखास ढकललं जाणारं आणखी एक दुखणं: पेट्रोल भरून पंपावरून निघताना गाडी सेल्फ मारूनही लवकर सुरू होत नाही, झाली तर धडधडते, दोन मिनिटांत ठीक. बाकी दिवसभर काही नाही. यात फिल्टरचा दोष नाही. टाकीतली वाफ इंजिनाकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी. नॉझल आपोआप बंद झाल्यावरही "राउंड फिगर" करायला पेट्रोल ठोसत राहिलं, तर ती वाफ शोषून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल जाऊन तो खराब होतो, हे त्यामागचं नेहमीचं कारण. पहिल्या कटला थांबायला सांगा.

फिल्टर स्वतः बदलायची हौस असणारे बरेच जण असतात, त्यांना कळकळीने सांगते. हे काम सोसायटीच्या पोडियममध्ये किंवा बेसमेंटमध्ये करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि जमिनीलगत पसरत जाते. दहा फुटांवरच्या ठिणगीनेही पेटते. मोकळ्या हवेत, थंड गाडीवर, टाकी पावच्या खाली असताना करा. आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे पाइपातलं प्रेशर उतरतं. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. झाकणाभोवतीची माती ब्रशने आणि ओल्या फडक्याने काढून मगच ते उघडा, नाहीतर नव्या फिल्टरसोबत तीच माती टाकीत जाईल. हाउसिंगची मोठी रबरी रिंग नवीन घाला. बाहेरचा फिल्टर असेल तर त्यावरचा बाण इंजिनाच्या दिशेला हवा. सगळं जोडल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी इग्निशन तीन-चार वेळा नुसतं ऑन-ऑफ करा, पंप प्रेशर भरेल, आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोड बघा. एक थेंबही दिसला तर सेल्फ मारायचा नाही.

डिझेलचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे. माझा मामेभाऊ नेरूळला राहतो, त्याची डिझेल एसयूव्ही. माझा अनुभव ऐकून त्याने जाहीर केलं की तोही आता फिल्टर बदलणार नाही. मी त्याला लगेच थांबवलं. डिझेलमध्ये फिल्टर हा नेमाने बदलायचाच भाग आहे. डिझेलबरोबर येणारं पाणी तोच वेगळं करून तळाला साठवतो. ते पाणी पुढे गेलं तर हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर गंजतात, आणि त्या दुरुस्तीचा खर्च फिल्टरच्या कितीतरी पट असतो. त्या पंपाला वंगण म्हणून डिझेलच असतं, पाणी नाही. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ इंधनात गंधक दहा पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दहा भाग) खाली आलंय, पण पाण्याचा प्रश्न त्याने सुटलेला नाही. मॅन्युअलचा आकडा हा कमाल समजा, आपल्याकडच्या पावसाळ्यात थोडं आधीच बदललेलं बरं.

त्याच्या गाडीत दर पावसाळ्यात फिल्टरमधल्या पाण्याचा पिवळा दिवा लागायचा आणि तो दर वेळी फिल्टरच बदलायचा. खरं तर फिल्टरच्या बुडाला एक स्क्रू असतो. काचेची बरणी खाली धरून तो थोडा सैल करायचा, अर्धा कप घ्यायचं आणि बरणी दहा मिनिटं स्थिर ठेवायची. पाणी खाली बसतं, डिझेल वर तरंगतं, मधली रेघ स्पष्ट दिसते. आम्ही गेल्या ऑगस्टमध्ये त्याच्या पार्किंगमध्ये हे केलं तेव्हा बरणीत दोन बोटं पाणी होतं. स्क्रू घट्ट केला, हातपंपाने हवा काढली, दिवा गेला. तीन आठवड्यांनी पुन्हा लागला, तेव्हा त्याने डिझेल भरायचा पंप बदलला. त्यानंतर दिवा लागलेला नाही. या ऑक्टोबरला किलोमीटर पूर्ण होतायत, तेव्हा तो फिल्टर बदलेल, आणि जुना मला दाखवायला ठेवणार आहे.

माझ्या गाडीच्या मागच्या सीटखाली, झाकणाच्या शेजारी, मी एक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवून ठेवलाय. त्यावर तारीख, किलोमीटर, बॅटरीचं व्होल्टेज, पंपापाशी व्होल्टेज, प्रेशर. गेल्या महिन्यात काकांकडे ऑइल बदलायला गेले तेव्हा पुन्हा मोजून घेतलं: १३.९, १३.४, तीन बार.